लख्ख वाडगा

सासरा अजून बावन्न दिवस जगला, तर वैशालीला जावई मिळणार होता. एवढ्या एका गोष्टीसाठी ती पहाटे साडेपाचला गॅसपुढे उभी राहून, आयुष्यात कधी न खाल्लेलं धान्य कोरड्या टोपात परतत होती. दाणे तांबूस झाले, भाजल्या शेंगदाण्यासारखा वास सुटला, तसं तिनं एका वाटीला चार वाट्या या मापानं उकळतं पाणी ओतलं. टोप फसफसला. फेस काठापर्यंत चढला आणि तिनं लाकडी डाव आडवा धरताच मुकाट खाली बसला. घरातली माणसंही अशीच खाली बसतात, असा तिचा आजवरचा अनुभव होता.

डबा तिच्या नवऱ्यानं, मितेशनं आणला होता. गावाभोवतीची भातशेतं जाऊन गोदामं उभी राहिली, तेव्हापासून मितेश त्यातल्याच एका गोदामात सुपरवायझर होता. पेटीचा कोपरा चेपला की कंपनी ती पेटी परत घेत नाही, मग आतला माल कामगारांच्या घरी जातो. असे बारा डबे घरी आले होते. त्यावर इंग्रजीत 'स्टील कट ओट्स' लिहिलेलं होतं.

"यात स्टील कुठं हाय?" पहिल्याच दिवशी मागच्या पडवीतून सासऱ्यांनी, लडकूबाबांनी, विचारलं होतं.

"स्टीलच्या पात्यानं तुकडे करतात, बाबा. म्हणून तसं नाव," वैशालीनं आतून उत्तर दिलं.

"मंजे कण्याच की! गिरणीतून कण्या आल्या की माझी आय कोंबड्यांना टाकायची. आता डॉक्टर सांगतो, तू खा. बरी बढती झाली माझी."

डॉक्टरनं एवढंच सांगितलं होतं, की हृदयाचा पंप तीस टक्क्यांवर आलाय; मीठ, तेल, सुकी मासळी बंद; सकाळी असं काही पोटभरीचं द्या. सांभाळलंत तर वर्ष-दोन वर्षं काढतील, नाही सांभाळलंत तर सांगता येत नाही. या दोन वाक्यांपैकी वैशालीनं दुसरं तेवढं लक्षात ठेवलं. पहिल्याची तिला गरज नव्हती. तिला बावन्न दिवस पुरत होते.

कारण घरात मयत झालं की वर्षभर शुभकार्य करायचं नाही, हा भावकीचा नियम. त्या नियमाची किंमत वैशालीनं एकदा मोजलेली होती. चार वर्षांपूर्वी तिच्या लेकीचं, क्षितिजाचं लग्न ठरलं होतं, आणि हॉल घेतल्यावर आठच दिवसांत चुलतसासरे गेले. मुलाकडच्यांनी सांत्वनाला येऊन चहा घेतला, "बघू, तुमचं वर्ष होऊ दे," म्हणाले आणि वर्ष व्हायच्या आत मुलाला दुसरीकडे उजवून मोकळे झाले. तेव्हा क्षितिजा तेवीसची होती, आता सत्तावीसची. अंबाडी गावचा प्रितेश मोठ्या मुश्किलीनं जमला होता. मुलगा बरा, माणसं बरी, पण बरी माणसंसुद्धा वर्षभर बरी राहत नाहीत.

ओट्स शिजायला चाळीस मिनिटं लागायची. कुकरला लावून पाहिले तर शिट्टीतून खळ बाहेर आली, म्हणून मंद आचेवर, दर दोन मिनिटांनी ढवळत. मग जिऱ्याची पूड, कढीपत्त्याची पानं बारीक चिरून, गाजर, फरसबी, आणि मीठ नावाला. दुसऱ्या शेगडीवर भाकऱ्या. भाकऱ्या वैशाली पिठाच्या गोळ्यांवरून मोजायची. मितेशला तीन, क्षितिजाला एक, स्वतःला दोन आणि सासूला, आनंदीबाईंना, दोन. आनंदीबाईंना साखरेचा आजार होता. सकाळी उठल्याबरोबर गोळी, आणि त्यावर दोन तांदळाच्या भाकऱ्या नि सुकटीची चटणी, असं त्यांचं वर्षानुवर्षं बांधलेलं होतं.

आनंदीबाई ओट्सचा वाडगा आणि आपलं ताट, दोन्ही घेऊन पडवीत जायच्या. सासरा जेवायला बसला की सुनेनं त्याच्या ताटापुढे उभं राहायचं नाही, ही या घरातली रीत होती. डोक्यावरचा पदर गेला, सासऱ्याशी न बोलणं गेलं, वैशाली स्कूटर चालवू लागली. पण ही एक रीत तेवढी राहिली होती. खरं सांगायचं तर ती वैशालीलाही सोयीची होती. म्हाताऱ्याची कुरकुर म्हातारीनं ऐकायची, रिकामी भांडी हिनं मोजायची.

पहिले तीन दिवस वाडगा अर्धा परत आला. चौथ्या दिवशी लख्ख आला. पाचव्याही. जणू कुणी चाटून पुसून ठेवला होता.

"खाल्लं सगलं?" वैशालीनं विचारलं. सासूशी बोलताना तिची गावची बोली आपोआप वर यायची.

"खाल्लं तर. पोट भरूस्तवर खाल्लं," आनंदीबाई म्हणाल्या आणि हसल्या. त्यांना खालचे दात नव्हते. "तुझा सासरा हाय तो. बाईनं दमात घेतला की खातो."

वैशालीनं कॅलेंडरवर त्या दिवसावर बारीकशी फुली मारली. त्याच आठवड्यात क्षितिजानं लग्नाच्या तारखेभोवती लाल गोल काढून ठेवला, पण आईच्या फुल्या कसल्या, हे तिनं विचारलं नाही. दुधाच्या असतील, असं तिला वाटलं असावं.

फुल्या वाढत गेल्या. म्हाताऱ्याच्या गालांवर तुकतुकी आली, पायांची सूज थोडी उतरली. "ओट्सनं कमाल केली," असं मितेश गोदामात सगळ्यांना सांगत सुटला, आणि आणखी दोघांनी चेपलेले डबे घरी नेले.

एकदा, वैशाली तवा उतरवत असताना, आनंदीबाई शेगडीपाशी येऊन उभ्या राहिल्या.

"गो वैशाली, उद्यापासून दोन भाकऱ्या जास्ती टाकशील?"

"कुणाला?"

"मनाच. कोणाला देणार?"

"आई, मागल्या वेळेस शुगर दोनशे ऐंशी होती. डॉक्टरनं दोन म्हणजे दोनच सांगितल्यात."

"मग एक टाक."

"एक नि दोन काय, भाजी आणायला आलात काय घासाघीस करायला?"

"तू तर रेशनवालीच झालीस, बाय," आनंदीबाई म्हणाल्या. चेष्टेतच म्हणाल्या. पदरानं गळ्याचा घाम टिपला आणि वाडगा उचलून निघून गेल्या. पुन्हा त्यांनी मागितलं नाही. मागून मिळत नाही ते दुसऱ्यांदा मागायचं नाही, एवढं त्या या घरात पन्नास वर्षांत शिकल्या होत्या.

सव्वीस दिवस उरले होते, त्या रविवारी प्रितेशचे आई-वडील हळदीचं ठरवायला येणार होते. मितेशनं सकाळी नऊला पडवीतल्या खुराड्यातली एक कोंबडी कापून दिली आणि वैशाली मोरीत बसून ती साफ करू लागली. पिसं निघाली. मानेखालची दाण्याची पिशवी टम्म फुगलेली होती. एरवी ती तशीच ओढून फेकायची. पण सुरीचं टोक लागलं, पिशवी फाटली आणि आतलं सगळं तिच्या बोटांवर आलं. मऊ, चिकट, करडे दाणे. त्यात गाजराचे केशरी तुकडे. कढीपत्त्याची बारीक चिरलेली पानं.

ती उकिडवी बसल्या बसल्या कितीतरी वेळ त्या हाताकडे बघत राहिली.

मग तिच्या डोक्यानं, त्याच्या सवयीनं, मांडणी सुरू केली. वाडगा कोंबड्या साफ करतात. ठीक. मग म्हातारा कशावर जगतो? तो तर जाडजूड झालाय. म्हणजे भाकरी खातो, सुकटीबरोबर खातो. ठीक. भाकरी कुठून आली? पडवीत दोनच भाकऱ्या जातात. मग त्या दोन भाकऱ्या जिच्या, ती –

बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. क्षितिजा धावत आली.

"आई, आले ते! तू अजून मोरीत? आणि हे काय धरून बसलीस हातात?"

"काही नाही. घाण आहे," वैशाली म्हणाली, आणि नळ सोडला.

पाहुण्यांनी रस्सा वाटीनं ओरपला. लडकूबाबा ओटीवर गादीवर बसले होते आणि प्रितेशच्या वडिलांना खाडीतल्या जुन्या मासेमारीच्या थापा मारत होते. "बाबा तर आपल्याला गाडून जातील," व्याही हसत म्हणाले, आणि वैशालीला बरं वाटलं. आनंदीबाई दाराशी टेकून बसल्या होत्या. क्षितिजानं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

"आजी, ब्लाऊज किती सैल झालाय गं तुझा."

"उन्हाळा हाय ना. घामानं झडते बाई. लग्नाला नवीन शिव."

पाहुणे गेल्यावर, भांडी घासताना, वैशालीनं सकाळी अर्धवट राहिलेली मांडणी पुन्हा घेतली. या वेळी हॉर्न वाजला नाही. ती शेवटपर्यंत गेली. शेवटी काय आहे ते नीट पाहिलं आणि मग पलीकडची बाजू तपासली. बोलावं, तर म्हातारा रुसणार. मागं एकदा रुसला तेव्हा दोन दिवस उपाशी बसला होता, आणि तेव्हा पंप शंभर टक्के होता. चार भाकऱ्या द्याव्यात, तर म्हातारी चारही त्यालाच वाढणार, आणि चार भाकऱ्यांना दुप्पट चटणी लागणार. शिवाय चार दिल्या म्हणजे आपल्याला कळलंय हे कबूल केल्यासारखं. म्हाताऱ्याला चाललंय ते मानवलंय. म्हातारी हिंडतेफिरते आहे. आणि सगळा प्रश्न सव्वीस दिवसांचा. लग्न झालं की दुसऱ्या दिवशी मी स्वतः समोर बसून दोघांना खाऊ घालीन, असं तिनं मनाशी पक्कं केलं. त्यात खोटं काही नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून ती सुकट तीन पाण्यांत धुऊ लागली. खारटपणा गेला पाहिजे, म्हाताऱ्याच्या हृदयाला मीठ चालत नाही. चटणीत तेलही अर्धंच. ओट्स ती पूर्वीसारखेच करत राहिली. चाळीस मिनिटं, मंद आचेवर, गाजर बारीक चिरून. कोंबड्या अंडी चांगली देत होत्या.

आनंदीबाईंनी पहिल्याच दिवशी चटणी चाखून पाहिली असावी. रिकामं ताट ठेवताना त्यांनी वैशालीकडे एकदा पाहिलं.

"चटणी अळणी झाली गो."

"हो का? उद्या बघते."

"नको. अशीच बरी हाय," आनंदीबाई म्हणाल्या. आणखी काही बोलतील असं वाटलं. पण ताट हातातून निसटून नळाच्या तोटीवर आपटलं, आणि बोलणं राहून गेलं.

सतरा दिवस उरले होते त्या सकाळी वैशाली टोप घासत असताना पडवीतून हाक आली.

"आनंदे, पाणी आण गो."

थोड्या वेळानं पुन्हा, जरा चढ्या आवाजात. तिसऱ्या हाकेला वैशाली दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. दाराआडून भाकरी चावल्याचा आवाज येत होता. सासरा ताटावर होता. ती उंबऱ्याच्या अलीकडे, हात पुसत उभी राहिली. किती वेळ, ते तिनं त्या दिवशी मोजलं नाही.

"वैशाली!" म्हातारा ओरडला. "बघ गो हिला, काय झालं हिला!"

आनंदीबाई खुराड्याला पाठ लावून बसल्या होत्या. पाय पसरलेले, मान खांद्यावर, लुगडं घामानं भिजून अंगाला चिकटलेलं. मांडीवर वाडगा होता, आणि दोन कोंबड्या त्यांच्या मांडीवर चढून त्यात चोची मारत होत्या.

मितेश शिफ्टवर होता. क्षितिजानं नाक्यावरून रिक्षा आणली. ड्रायव्हर पॉवरलूमच्या गल्लीत राहणारा, मूळचा उत्तरेकडचा कुणी होता. त्यानं म्हातारीला उचलून आत ठेवलं, तिच्या कपाळाला हात लावला आणि वळून वैशालीकडे पाहिलं.

"भाभी, अम्मा को शुगर है क्या? मेरी माँ को भी ऐसाच होता था. सुबह से कुछ खाया नहीं इन्होंने?"

वैशालीनं म्हातारीचा पदर सारखा केला.

"गोली खाके भूखी रही होंगी. घर में शक्कर है तो लाओ, जीभ के नीचे लगाते हैं. टाइम मत लगाओ."

क्षितिजा घराकडे वळलीसुद्धा होती.

"खाया है," वैशाली म्हणाली. "दो भाकरी. मैंने खुद दी. साखर नको गं आणू, आधीच वाढलेली असते."

क्षितिजा परत फिरली. ड्रायव्हरनं एकवार म्हातारीच्या तोंडाकडे पाहिलं, एकवार हिच्याकडे, आणि रिक्षा चालू केली. पुलाखाली ट्रक आणि कंटेनर अडकून बसले होते. पंचवीस मिनिटं गेली.

दवाखान्यात बोटाला सुई टोचल्यावर डॉक्टरनं यंत्रावरचा आकडा दोनदा पाहिला. अठ्ठावीस. सलाईनमधून साखर सोडली गेली. यांनी सकाळी काही खाल्लं होतं का, असं त्यानं विचारलं तेव्हा मितेश पोहोचला होता.

"खाल्लं होतं, डॉक्टर," तो छातीवर हात ठेवून म्हणाला. "आमची ही रोज मोजून दोन भाकऱ्या देते. यात कधी चूक नाही तिची."

डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. आनंदीबाईंनी डोळे उघडले नाहीत. दोन दिवसांनी, पहाटे, ओट्स शिजवायच्या वेळेला, त्या गेल्या.

प्रितेशचे आई-वडील दहाव्याला आले. बाईंनी डोळे पुसले, क्षितिजाच्या पाठीवरून हात फिरवला. चहा झाला. निघताना व्याही चपला शोधत म्हणाले, "बघू आता. तुमचं वर्ष होऊ दे." क्षितिजानं रिकामे कप उचलले आणि आत निघून गेली. वैशाली दारात उभी राहून त्यांची गाडी वळेपर्यंत बघत होती.

तेरावं होऊन तीन दिवस झाले. वैशाली साडेपाचला उठली, तेव्हा कॅलेंडरवर लाल गोलातली तारीख लागली होती. हातांना थांबायचं ठाऊक नव्हतं, म्हणून ओट्स झाले. भाकऱ्याही झाल्या. मितेशला तीन, क्षितिजाला एक, स्वतःला दोन आणि आणखी दोन. सुकट तीन पाण्यांत धुऊन चटणी केली. ओट्सचा टोप झाकून ठेवला, दोन भाकऱ्या नि चटणी ताटात घेतली आणि उंबऱ्याशी आली. सुतकात वाढायला आलेल्या भावकीतल्या बायका कालच परतल्या होत्या; ताट पुढं न्यायला आता कुणी नव्हतं. ती उंबरा ओलांडून पडवीत गेली आणि अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा सासऱ्याच्या ताटापुढे उभी राहिली.

लडकूबाबांनी ताटाकडे पाहिलं.

"दोनच टाकल्यास आता?"

"आईंच्या रोजच्याच आहेत, बाबा," तिच्या तोंडून निघून गेलं.

म्हाताऱ्यानं मान वर केली नाही. भाकरीवर ठेवलेला हात तसाच राहिला.

"ती सांगायची, सून चार टाकते. दोन तुमाला, दोन मना. मी चुलीशी बसून आधीच खाऊन आले, सांगायची. कण्या तिच्याही घशाखाली उतरत नव्हत्या, कोंबड्यांना टाकायची." खुराड्यात कोंबड्या कलकलत होत्या. "कण्या खाणार न्हाय म्हणून मी हट्ट धरला, तेव्हा बोलली, थांबा, सुनेला सांगते. तिनं मागितल्या व्हत्या तुझ्यापाशी?"

वैशालीनं भिंतीला हात लावला.

"एकदा," ती म्हणाली.

म्हाताऱ्यानं ताट बाजूला सारलं. दोन्ही भाकऱ्या त्यात अखंड होत्या.

"त्या कण्या आण."

तिनं टोपातून वाडगा भरून आणला. तो खाऊ लागला. घशात चिकटत होतं, मध्येच थांबावं लागत होतं, डोळ्यांत पाणी येत होतं, पण तो प्रत्येक घास चावून, गिळून, पुढचा घेत होता. कोंबड्या खुराड्यातून निघून त्याच्या पायांपाशी जमल्या आणि माना वर करून वाट बघत राहिल्या. त्यानं एक दाणा टाकला नाही. वैशाली उभीच होती. बसावं की जावं, याची रीत तिला कुणी शिकवलेली नव्हती.

शेवटी त्यानं बोटानं कड पुसून घेतली आणि वाडगा तिच्यापुढं सरकवला.

"उद्या पण हेच आण," तो म्हणाला.

बावन्न दिवस पुरे झाले होते. ज्यानं जगायला हवं होतं, तो एकही दिवस कमी न करता जगला होता. ते दिवस कुणाच्या ताटातून गेले, हे पडवीत उभ्या असलेल्या आणि बसलेल्या, दोघांनाही कळलं होतं. वैशालीनं वाकून भांडी उचलली. वाडगा लख्ख होता. ताटात दोन भाकऱ्या होत्या, आणि घरातल्या माणसांचे वाटे तिनं उंबऱ्यापर्यंत दोनदा मोजून पाहिले, तरी त्या कुणाच्याच निघेनात.